खंय मेलो टोपू?

"अगो सुहिता, तू शिरियल बघलंस तरी काय? की न बघताच लिवलंस?"

रविवारी सकाळी, पहिला चहा पोटात जायच्या आत, असा प्रश्न कानावर आला तर कुठल्याही समीक्षकाला मिरची लागणारच. सुहिता मठकरलाही लागली. पुण्याच्या एका दैनिकात ती वर्षानुवर्षं मालिकांची परीक्षणं लिहीत आली होती आणि तिच्या लेखणीला लोक 'संयत' म्हणत. संयत म्हणजे काय, तर कुणाला फार टोचायचं नाही आणि कुणाला फार डोक्यावरही घ्यायचं नाही. पण न बघता लिहिल्याचा आळ तिच्यावर शत्रूनेसुद्धा घेतला नव्हता. आणि इथे घेत होती कोण, तर वेंगुर्ल्याची फिलूबाय! फिलोमेन डिसोझा. आईची भिंतीला भिंत लागून शेजारीण, जिच्या मांडीवर सुहिता लहानाची मोठी झाली होती.

"फिलूबाय, पाचही भाग बघितलेत मी. नीट, बसून."

"मग टोपूबद्दल काय लिवलंस ता?"

"तो या पर्वाचा प्राण आहे असं लिहिलंय. पाचव्या भागात तो भाकरी करपवतो आणि खोटं बोलतो, तो प्रसंग तर…"

"पाचव्या भागात खंयसून येतलो तो? तिसऱ्या भागातच मेलो!" फिलूबाय फोनवर कडाडली. "हवाबंद दार उघडा ऱ्हवला आणि गेलो भायर. आता थय तेचा स्मारक बांधल्यानी. तुझ्या आवशीन भर बाजारात तुझो लेख वाचान दाखवलो, तर सगळी हसाक लागली. द्वारकेच्या चेडवान न बघताच लिवल्यान, म्हणतत! ती आता तुझो फोनसुद्धा घेवची नाय."

आता बोला! द्वारका म्हणजे सुहिताची आई, आणि तिचं चेडू, म्हणजे लेक, ही सुहिता.

टोपू म्हणजे कोण, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं. 'वलयगामी' नावाची मालिका काही वर्षांपूर्वी घराघरात गाजली. शनीच्या कड्यांकडे निघालेलं यान, त्यातले शूर कप्तान कर्णिक, उल्कांचा मारा, असा सगळा थाट. त्या यानाच्या स्वयंपाकघरात अधूनमधून दिसणारा एक यंत्रमानव होता. उलट्या टोपासारखं डोकं, तीन हात, आणि तिन्ही हातांनी घोळ घालायची खोड. प्रेक्षक कप्तानाला विसरले आणि या टोपूवर जीव टाकायला लागले. मग 'नभोरंग' वाहिनीने त्याच्यासाठी वेगळी पिल्लू-मालिका काढली, 'वलयगामी: भटारखाना'. तिचं हे दुसरं पर्व.

हे पर्व चित्रित केलेलं नव्हतं. नटांनी आपापले चेहरे आणि आवाज करारावर वाहिनीला देऊन ठेवले होते आणि प्रत्येक भाग एक यंत्र रचत होतं. आठवड्याला एक भाग, आणि तोही प्रेक्षकांची नाडी बघून. नाडी अगदी शब्दशः. टीव्हीच्या चौकटीत पहिल्या पर्वापासूनच बसवलेला 'रसमापक' तुमचं तोंड बघतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर माणसाच्या कातडीचा रंग किंचित, आपल्या डोळ्यांना कळणार नाही इतका बदलतो. रसमापकाला तो कळतो. बुबुळं मोठी झाली की कळतं, आणि तुम्ही काय बोललात तेही तो ऐकतो. ठोके वाढले म्हणजे माणूस पेटलाय, एवढं तो नक्की सांगू शकतो. पण आनंदाने पेटलाय की संतापाने, ते मात्र ठोक्यांवरून कळत नाही. ते तो शब्दांवरून ठरवतो.

सुरुवातीला वाहिनीने घराघरात निराळी गोष्ट दाखवून पाहिली होती. ती अंगाशी आली. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर, एसटीत, पाणवठ्यावर बोलायलाच काही उरेना. लोकांनी भराभर वर्गणी बंद केली. मग मधला मार्ग निघाला: एक तालुका, एक गोष्ट. सगळ्या तालुक्याचं मत एकत्र करायचं आणि तालुक्याला एकच आवृत्ती द्यायची. वाहिनी समीक्षकांना मात्र हसून सांगायची, "अहो, फार काही बदलत नाही. जेवणातली आमटी बदलते, गोष्ट तीच." सुहिताने त्यावर विश्वास ठेवला होता. तिने पाहिली होती ती पुणे शहराची आवृत्ती.

तिने तडक आईला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा आईने उचलला आणि म्हणाली, "कामात आहे. बरं लिहिलंयस. छान." आणि ठेवला.

त्यापेक्षा आई भांडली असती तर बरं झालं असतं. बाबा गेल्यापासून मायलेकींमध्ये बोलायला ही मालिका तेवढी होती. काय जेवलीस, औषध घेतलंस का, हे झालं की दोघी टोपूवर यायच्या, म्हणून तर फोन तासभर चालायचा. या पर्वाबद्दल मात्र परीक्षण छापून येईपर्यंत बोलायचं नाही, असं सुहितानेच आईला बजावलं होतं. तोही धागा आता तुटतो की काय? सुहिताने पिशवी भरली आणि वेंगुर्ल्याची गाडी पकडली.

आईने दार उघडलं. द्वारका मठकर, वय पंच्याहत्तर, नऊवारी नीटनेटकी, चेहऱ्यावर शांत हसू.

"ये. प्रवास बरा झाला ना? बस. चहा घेणार का?"

चहा आला तो काचेच्या कपाटातल्या, पाहुण्यांसाठीच निघणाऱ्या सोनेरी काठाच्या कपात. सुहिताला तो कप पाहून कसंसंच झालं. पण आईचं हे काही आजचं नव्हतं. लेक पेपरात लिहायला लागली तेव्हापासून आई तिच्याशी असं शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध बोलायची. सुहिताला ते आवडायचंही. आपली आई किती सुसंस्कृत, असं ती मैत्रिणींना सांगायची.

"आई, मी खरंच बघून लिहिलंय गं. पुण्यात टोपू जिवंत आहे."

"असेल हो," आई म्हणाली. "पुण्यात काय, सगळंच असतं."

सहावा भाग संध्याकाळी होता. फिलूबाय खुर्ची घेऊन आली. टीव्ही लागला आणि सुहिता आ वासून बघत राहिली. ही तिने पाहिलेली मालिका नव्हतीच. इथे भटारखान्यात सगळीकडे कप्तान कर्णिक. ते भाजी चिरत होते, कर्तव्यावर बोलत होते, पुन्हा भाजी चिरत होते. टोपूच्या स्मारकापुढे त्यांनी जे भाषण सुरू केलं ते जाहिरात आली तरी संपलं नव्हतं.

"बरो माणूस हो," फिलूबाय जांभई देत म्हणाली.

"बरो आसा," आईने मान डोलावली.

आणि तेवढ्यात कप्तानांना जुनी आठवण आली. पडद्यावर पहिल्या पर्वातला टोपू अवतरला. तिन्ही हातांत तीन परड्या घेऊन धडपडत. त्याबरोबर ही शांत, सुसंस्कृत, सोनेरी कपवाली आई पाटावरून अर्धी उठली.

"इलो मेलो! शिरा पडो तुझ्या तोंडार, टोपल्या! खंय मेलं होतंस रे?"

"मुडदो बशिवलो ह्येचो," फिलूबाय डोळे पुसत ओरडली, "बघ कसो चलता तो! पडतलो आता! पडलो! मर मेल्या!"

दोघी हसून हसून एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. आठवण संपली, कप्तान परत आले आणि दोघी पुन्हा सभ्यपणे बसल्या.

सुहिताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे देवा! मर मेल्या. खंय मेलो. यंत्राने ऐकलं होतं ते हे. पहिल्या पर्वभर, सगळ्या तालुक्यातून, टोपू दिसला की लोकांचे ठोके वाढत होते आणि तोंडातून त्याच्या मरणाची भाषा निघत होती. यंत्र बिचारं आज्ञाधारक. इतकी माणसं 'मर' म्हणतायत म्हटल्यावर त्याने मारून टाकला. आणि ज्यांना लोक 'बरो माणूस' म्हणत होते त्यांना दिलं डोक्यावर बसवून!

हसावं की रडावं तिला कळेना. तिने हसायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. कारण त्याच उजेडात तिला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती काही हसण्यासारखी नव्हती. ज्याच्यावर जीव, त्याला आई शिव्या घालते. जो कोण कुठला, त्याला म्हणते 'बरा आहे'. आणि सुहिताच्या प्रत्येक लेखाला, आजवर न चुकता, ती काय म्हणत आली होती? बरं लिहिलंयस. छान.

"आई," तिने जरा वेळाने विचारलं, "माझं लिहिलेलं तुला आवडतं का गं?"

"म्हणजे काय! बरं असतं की."

सुहिताने तोंड फिरवलं. तिला रडू येत होतं.

सकाळी उठल्या उठल्या तिने 'नभोरंग'च्या शार्दूल बापटला गाठलं. रसमापकाचा सगळा कारभार याच्या हाती. मुलगा हुशार, पण जन्म सगळा सदाशिव पेठेत गेलेला.

"सुहिताताई, पण ते 'मर' म्हणतायत हो," तो फोनवर म्हणाला. "स्पष्ट ऐकू येतंय. सावंतवाडीतही तेच. तिथे टोपू अंथरुणाला खिळलाय. कुडाळात त्याचे दोन हात गेलेत."

"अरे शार्दूल, ते प्रेम आहे!"

"मरणाचं?"

"तुझी आजी तुला कधी 'कुठे मेला होतास' म्हणाली नाही?"

शार्दूलने आठवून पाहिलं. "आजी 'कुठे होतास रे राजा' म्हणायची," तो म्हणाला.

आता याला काय सांगणार कपाळ! पण मुलगा मनाने चांगला होता. तो म्हणाला, हाताने काही बदलता येत नाही, करारातच तसं आहे. कथा फक्त प्रेक्षकांच्या मताने फिरते. मग लोकांना तेवढं गोड बोलायला सांगा, यंत्राला कळेल अशा भाषेत. फिलूबायला ही युक्ती फार आवडली. पुढच्या भागाला तिने सगळ्या आळीला दम भरून ठेवला. टीव्हीसमोर आठ-दहा बायका हात जोडून बसल्या. स्मारक दिसताच फिलूबायने घसा खाकरला.

"टोपूजी, आपण फार छान होतात. आपली आठवण येते. धन्यवाद."

"धन्यवाद," बाकीच्या एका सुरात म्हणाल्या, आणि एकीला डुलकी लागली.

निकाल दुसऱ्या दिवशी शार्दूलने कळवला. ठोके सपाट, बुबुळं बारीक. यंत्राने अनुमान काढलं होतं की लोकांचा शोक ओसरला, आता स्मारकही काढून टाकायला हरकत नाही. गेला तोही!

"दुसरा काही मार्ग?" सुहिताने विचारलं. शेवटचा एकच भाग उरला होता.

"एक आहे," शार्दूल चाचरत म्हणाला. "तुम्ही."

आणि मग त्याने जे सांगितलं ते असं. यंत्र शब्दांचा अर्थ शिकतं ते दोन ठिकाणांहून. एक प्रेक्षकांच्या बोलण्यातून, आणि दुसरं समीक्षकांच्या लेखांतून. समीक्षकाने खाली तारे दिलेले असतात ना, ते यंत्र प्रमाण मानतं. पाच तारे असले तर वरचे शब्द कौतुकाचे, एक तारा असला तर निंदेचे. मराठीत अशी परीक्षणं ढिगाने आहेत, त्यात एकाने काही फरक पडायचा नाही. "पण मालवणीत आजवर कुणी मालिकेचं परीक्षण लिहिलेलंच नाही, ताई. एकही नाही. तुम्ही लिहिलंत तर यंत्राची ती अंकलिपीच होईल. तुम्ही शिकवाल तेच खरं."

म्हणजे पाच तारे आणि वर शिव्यांची लाखोली. सुहिता मठकरच्या सहीने, रविवारच्या पुरवणीत. संयत लेखणी!

तिने मनातल्या मनात चार वाक्यं जुळवून पाहिली आणि तिलाच घाम फुटला. लोक म्हणणार, बाईचं डोकं फिरलं. ज्या सभासमारंभांत तिला मानाने बोलावत, तिथे आता कुजबुज होणार. बरं, न लिहावं तर? तर एक टोपाच्या डोक्याचं भूत वेंगुर्ल्यापुरतं मेलेलं राहील, जगाचं काय अडणार होतं? पण आईचं अडत होतं. भर बाजारात आईची मान खाली गेली होती, ती वर काढायची तर टोपू वेंगुर्ल्यात जिवंत व्हायला हवा होता. आणि खरं सांगायचं तर सुहिताला स्वतःलाही आता ते 'बरं असतं' सोसवत नव्हतं. एकदा तरी आईच्या ठोक्यात भर पडेल असं काही आपल्या हातून लिहून व्हावं, असं तिला अगदी आतून वाटायला लागलं होतं.

ती आईकडे गेली. "आई, मला थोड्या शिव्या सांग."

"मला नाही हो शिव्या येत," द्वारकाबाई शांतपणे म्हणाल्या आणि वालीच्या शेंगा मोडायला लागल्या.

मग सुहिता एकटीच बसली. लहानपणी ऐकलेलं आठवून आठवून, अडखळत, पहिल्यांदाच आपल्या बोलीत लिहायला लागली. 'मेल्या टोपल्या, फटकी इली तुका! तू नाय तर ह्या रांधपाक चव नाय. तुझ्या तोंडात माती पडो, खंय जावन मेलंस? त्या कप्तानाची भाषणा आयकान आमचे कान किटले. भाकरी करपली तरी चलात, पण तूच करपव…' पहिल्या चार ओळींना घाम आला. पाचवीपासून हात असा सुटला की तिला थांबवेना. लिहिता लिहिता ती खुदुखुदु हसत होती. इतकी वर्षं लिहिताना ती कधी हसली नव्हती.

संपादक अभ्यंकरांनी लेख वाचून तिला फोन केला. "सुहिताबाई, तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत."

"हे पानभर… अहो, वाचक काय म्हणतील?"

"शिव्या देतील," सुहिता म्हणाली. "देऊ देत. एक शब्द कापायचा नाही, आणि तारे पाच."

अभ्यंकर जुने संपादक होते. त्यांनी सुस्कारा सोडला आणि लेख जसाच्या तसा छापला. रविवारी पुण्यातून निषेधाचे निरोप आले, ते सुहिताने वाचलेच नाहीत. वेंगुर्ल्यात मात्र पेपर अकराच्या आत संपला. आईने पेपर घेतला, घडी उघडली, वाचला, घडी घातली आणि आत निघून गेली. बरं नाही की छान नाही. दोन दिवस त्या विषयावर एक अक्षर नाही. सुहिताचा जीव टांगणीला लागला.

शेवटच्या भागाला आळीतल्या झाडून सगळ्या बायका मठकरांच्या घरी जमल्या. पडद्यावर कप्तान कर्णिक निरोपाचं भाषण करत होते. कर्तव्य झालं, त्याग झाला, मातृभूमी सुरू झाली. बायका चुळबुळायला लागल्या. सुहिताने डोळे मिटून घेतले होते. आणि कप्तानांच्या पाठीमागच्या पिठाच्या पिंपाचं झाकण हळूच वर उचललं गेलं.

आतून पिठाने पांढरंफटक झालेलं, टोपासारखं एक डोकं बाहेर आलं.

"भाषाण बंद कर, मेल्या!" टोपू कप्तानांवर खेकसला. "थय भाकरी करपता!"

जी काही किंकाळी उठली! हवाबंद दारातून बाहेर गेलेला तो पिंपात कसा, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. फिलूबायची खुर्ची उलटली. कुणी पदर तोंडात कोंबला, कुणी टीव्हीकडे धावून बोटं मोडली. मेल्या, मुडद्या, फटकी इली तुका, शिरा पडो, खंय मेलं होतंस! टोपूवर शिव्यांचा वर्षाव झाला आणि त्या वर्षावात यंत्र पुरतं न्हाऊन निघालं, कारण टोपू शेवटपर्यंत पडद्यावरून हललाच नाही. त्याने तिन्ही हातांनी भाकऱ्या थापल्या, तिन्ही करपवल्या आणि त्या कप्तानांनीच करपवल्या असं धडधडीत खोटं सांगितलं.

फिलूबाय सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघलास? द्वारकेच्या चेडवान पुण्यात बघल्यान म्हणान लिवल्यान! आता हसा बघूया!" कुणी हसलं नाही. मग सगळ्याच हसल्या.

बायका पांगल्या. घरात मायलेकी दोघीच राहिल्या. सुहिता काही बोलणार, तोच आई कमरेवर हात ठेवून तिच्यापुढे उभी राहिली. चेहरा लालबुंद.

"आणि तू गो भवाने! काय लिवलंस ता? तोंडात माती पडो? माती घाटावरची लोकां घालतत! आमी शिरा घालतो, काट्यांची शिरा! आणि फटकी अशी सुरवातीकच कोण घालता? ती शेवटाक ठेवतत. सगळ्या गावान वाचल्यानी. माझ्या चेडवाक धड गाळीसुद्धा घालूक येनत नाय, लाज गेली माझी! हसान हसान पोट दुखला माझा दोन दिस, पण शिरा पडो तुझ्या लिवण्यार, आवशीक एक इचारूचा तरी!"

सुहिताचे डोळे भरून आले आणि तोंडभर हसू फुटलं. "विचारलं होतं की तुला! तूच म्हणालीस, मला शिव्या येत नाहीत."

"पावण्यांक कोण गाळी घालता गो?" आई म्हणाली. "ऊठ आता मेले, ताटां घे. भूक लागली माका."